डाळिंबाची साल आणि तोंडातला चट्टा

मैत्रिणींनो, डाळिंबाला आमच्या सोलापुरात काय तोटा! २००५ साली इथं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच निघालं.

शेजारच्या मावशी मशेरी लावतात. परवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तर म्हणतात, "सालीच्या अर्कानं कॅन्सर जातो म्हणे!" अहो, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर फळांचे अर्क घालून बघतात, काही पेशी मरतातही. पण बशी म्हणजे माणूस नव्हे. औषधापर्यंतची वाट फार लांब.

डाळिंब खुशाल खा, मशेरी मात्र सोडा. चट्टा, जखम १५ दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

मावशींना मीच घेऊन गेले. तपासणीसाठी तुकडा काढलाय. मशेरीची डबी माझ्याकडे जमा आहे!