कोणी पाहत नसताना

शनिशिंगणापुरात घरांना दारं न बसवण्याची प्रथा आहे. चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा करतो, ही तिथली श्रद्धा. धर्म आहे म्हणून नीती आहे, असं म्हणणाऱ्यांचा हा आवडता दाखला. आम्हाला मात्र अज्ञेयवादी समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर आठवतात. बुद्धीला पटेल तेच लिहायचं म्हणून त्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढलं. विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली, तरी लेखणी बदलली नाही. परलोकाच्या आशेवाचूनही इतक्या सचोटीनं जगता येतं.

हा विषय आत्ताच घेतला, कारण तो घराघरांत येऊन ठेपला आहे. ‘देव बघतोय’ असं मुलांना सांगणं अनेक पालकांना आता नको वाटतं. त्याऐवजी काय सांगावं, ते सुचत नाही. या अंकात श्रद्धावान लिहितात, नास्तिकही. देव आहे की नाही, हा वाद आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला आहे. भीतीपोटी आलेली सचोटी आम्हाला भरवशाची वाटत नाही. पण वारकऱ्यांच्या घरांत प्रेमातून रुजलेली नीती आम्ही पाहिली आहे, आणि तिच्यापुढे आमचं मत थबकतं.

खोटं का बोलू नये, याचं कोणतं कारण तुमच्या घरात मुलांना सांगतात? आम्हाला जरूर लिहून कळवा.