फुटबॉल : आघाडीवीर गेला की संघ संपतो काय?

इगतपुरीला स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. नाशिक जिल्ह्यालाही नाही. २०१९ साली एफसी पुणे सिटी हा संघ बंद झाला व त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. तेव्हापासून इंडियन सुपर लीगमध्ये महाराष्ट्राचा म्हणावा असा एकच संघ उरला, तो म्हणजे मुंबई सिटी. लोहमार्गाने मुंबई आमच्यापासून सुमारे १३६ किलोमीटर; त्यामुळे आमच्या तरुणांनी मुंबईची बाजू घ्यावी हे स्वाभाविकच. परंतु रेल्वेच्या नोकरीनिमित्त घाटमाथ्यावर येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांत गोव्याशी नाते सांगणारी घरेही आहेत. मुंबई आणि गोवा यांचा सामना असला म्हणजे एकाच वसाहतीत दोन तट पडतात, आणि वाद कोठूनही सुरू झाला तरी तो २०२० सालावर येऊन थांबतो. गोव्याचा संघ मुंबईने पळविला की गोव्याने तो आपण होऊन घालविला, हा तो वाद. एखाद्या गाजलेल्या आघाडीवीराच्या स्थलांतराची वार्ता आली की हाच प्रश्न नव्या नावाने उभा राहतो. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करावा असे आम्हाला वाटते.

प्रथम घटनाक्रम पाहू. सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक २०१७ मध्ये एफसी गोवा संघाकडे आले आणि त्याच वर्षी फेरान कोरोमिनास, म्हणजेच सर्वांचा लाडका कोरो, गोव्यात दाखल झाला. २००६ मध्ये स्पेनमधील एस्पान्योल या क्लबला अखेरच्या दिवशी, भरपाईच्या वेळेत गोल करून पदावनतीपासून वाचविणारा हाच तो खेळाडू. गोव्यात त्याने पहिल्या हंगामात १८ आणि दुसऱ्या हंगामात १६ गोल करून दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. तीन हंगामांत ५७ सामन्यांत ४८ गोल ही त्याची कामगिरी. २०१९-२० च्या हंगामात गोव्याने साखळीतील १८ सामन्यांत ४६ गोल केले, ३९ गुण मिळविले आणि पहिल्यांदाच देण्यात आलेली लीग विजेत्यांची ढाल पटकावली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

विशेष म्हणजे ही ढाल हाती येण्यापूर्वीच, जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना लोबेरा यांना पदावरून दूर करण्यात आले. उरलेले सामने गोव्याचेच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली पार पडले. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने दोन सामन्यांत मिळून ६-५ अशा फरकाने गोव्याला बाहेर काढले. त्यानंतरच्या काही महिन्यांत लोबेरा मुंबईला गेले. त्यांच्या पाठोपाठ बचावपटू मुर्तदा फॉल, मध्यरक्षक अहमद जाहू, चेंडू पुढे नेणारा ह्युगो बुमूस आणि गोव्याचा सुपुत्र मंदार राव देसाई हेही मुंबईकर झाले. बुमूसच्या करारात नमूद असलेली मुक्ततेची रक्कम मुंबईने भरली. ती सुमारे १.६ कोटी रुपये असल्याची वृत्ते त्या वेळी प्रसिद्ध झाली होती. कोरो मात्र मुंबईला गेला नाही. सदतिसाव्या वर्षी तो स्पेनला परतला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. प्रेक्षक ज्याच्या नावाने जयघोष करीत होते तो आघाडीवीर मुंबईला मिळालाच नाही. मुंबईला मिळाले ते त्याच्या पाठीमागचे चौघे आणि त्यांना खेळविणारा प्रशिक्षक. तरीही पुढच्याच हंगामात मुंबईने ढाल आणि करंडक असे दोन्ही जिंकले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी एटीके मोहन बागानवर २-० अशी मात करून मुंबईने त्यांच्याइतकेच, म्हणजे ४० गुण गाठले आणि परस्परांतील निकालांच्या बळावर अग्रस्थान घेतले. त्या सामन्यातील पहिला गोल बचावपटू फॉलचा होता. १३ मार्च रोजी फातोर्ड्याला झालेल्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अगदी शेवटच्या मिनिटात निर्णायक गोल केला. तोही मधला आघाडीवीर नव्हे, तर बाजूने धावणारा खेळाडू.

आमच्या गावच्या मंडळींना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. कसाऱ्याहून गाडी घाट चढू लागते तेव्हा चढ ३७ फुटांस एक फूट असा असतो. पुढचे इंजिन कितीही दणकट असले तरी मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडल्याखेरीज गाडी इगतपुरीला पोहोचत नाही. छायाचित्र मात्र पुढच्या इंजिनाचे निघते. लोबेरा यांच्या संघात जाहू हा असाच बँकर होता. बचावफळीच्या थोडा पुढे उभा राहून तो चेंडू मागायचा, प्रतिस्पर्धी अंगावर येईपर्यंत थांबायचा आणि मग चाळीस-पन्नास यार्डांचा पास नेमका धावणाऱ्याच्या पायाशी टाकायचा. दोन्ही बाजूंचे बचावपटू पुढे सरकलेले, बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत आलेली, गोलरक्षकही पायाने खेळणारा. या रचनेत धोका मोठा असतो; चेंडू हरवला की मागे मोकळे रान. पण चेंडू आपल्याजवळ राहिला तर आघाडीवीराला प्रत्येक सामन्यात दोन-तीन स्वच्छ संधी मिळतातच. मंदारचे उदाहरणही असेच आहे. तो मूळचा डाव्या बाजूचा आक्रमक खेळाडू. लोबेरा यांनी त्याला मागे घेऊन डावा बचावपटू केले आणि त्याची धाव वाया न घालविता ती लांबविली.

मग आघाडीवीर नगण्य ठरतो काय? तसेही नाही, आणि त्याचा पुरावा खुद्द गोव्यानेच दिला. कोरोच्या जागी गोव्याने इगोर अँग्युलो हा छत्तीस वर्षांचा स्पॅनिश आघाडीवीर आणला. त्याने २०२०-२१ मध्ये १४ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान पुन्हा गोव्याकडे आणला. म्हणजे प्रशिक्षक गेले, चार प्रमुख खेळाडू गेले, तरी गोल करणारा माणूस मिळाल्यामुळे संघ पहिल्या चारांत राहिला. उपांत्य फेरीत गाठ पडली ती नेमकी मुंबईशीच. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि मग पेनल्टी फटक्यांत मुंबई ६-५ अशी विजयी झाली. मुंबईचा निर्णायक फटका मारणारा रॉलिन बोर्जेस हा गोव्याचा. त्या रात्री कोणत्या घरात आनंद करावा आणि कोणत्या घरात शोक, हे ठरविणे कठीण झाले असेल! महामारीमुळे सर्व सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाले, हे एका परीने बरेच झाले असे आम्हाला वाटते.

यापुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे गटसामने फातोर्ड्याला झाले. या स्पर्धेत परदेशी खेळाडूंची मर्यादा अधिक कडक होती. तीन आणि आशिया खंडातील आणखी एक. गोव्याने आपला सर्वाधिक गोल करणारा अँग्युलो वगळला आणि बचाव व मधली फळी मजबूत ठेवली. अल रय्यान आणि अल वहदा यांच्याशी पहिले दोन्ही सामने ०-० असे बरोबरीत सुटले. एवढ्या बलाढ्य संघांना रोखणे ही लहान गोष्ट नव्हे. पण सहा सामन्यांत गोव्याचे एकूण गोल किती? दोन. एक एदू बेदियाचा, दुसरा होर्खे ऑर्तिझचा, दोघेही स्पॅनिश. तीन सामने बरोबरीत, तीन पराभव, विजय एकही नाही. चांगली रचना तुम्हाला हरू देत नाही, परंतु जिंकायला चेंडू जाळ्यात जावा लागतो. त्याच वर्षी अँग्युलोही गोवा सोडून मुंबईला गेला, आणि गोव्याचे चाहते पुन्हा एकदा संतापले.

या संतापाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. खेळाडूला गद्दार म्हणणे सोपे असते. पण छत्तीस-सदतीस वर्षांच्या व्यावसायिकाला एक-दोन हंगामांचेच करार मिळतात आणि गुडघा दुखावला तर तेही मिळत नाहीत. त्याने अधिक मोबदल्याची वाट धरली तर त्याला दोष देता येत नाही. दोष द्यायचाच तर तो अग्रस्थानी असलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर घरी पाठविणाऱ्या निर्णयाला द्यावा. मुंबईच्या पाठीशी तेव्हा मँचेस्टर सिटीची मालकी असलेला सिटी फुटबॉल ग्रुप होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने क्लबचे ६५ टक्के भाग घेतले होते. पैशाचे बळ होतेच. परंतु पैसा असूनही काय विकत घ्यावे हे कळणे निराळे. मुंबईने एकटा तारा विकत न घेता त्याच्या भोवतालची व्यवस्था विकत घेतली, हे त्यांचे शहाणपण. पुढे मुंबईलाही याच्या उलट अनुभव आला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने करंडक जिंकला. त्यात एक गोल अर्जेंटिनाच्या होर्खे पेरेरा डियाझचा होता. काही आठवड्यांतच डियाझ बेंगळुरूला गेला. त्याच बेंगळुरूने मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत मुंबईचा ५-० असा धुव्वा उडविला.

मात्र या सगळ्या वादात एक माणूस कोणाच्याच तोंडी येत नाही, आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. कोरो गोव्यात गोल करीत होता त्या तीन वर्षांत मनवीर सिंग हा भारतीय आघाडीवीर त्याच संघात राखीव बाकावर बसलेला असे. २०२० मध्ये तो कोलकात्याला गेला, तेथे त्याला नियमित स्थान मिळाले, पण उजव्या बाजूला. मधली जागा तेथे फिजीच्या रॉय कृष्णाकडे होती. गोव्याच्याच मातीतला लिस्टन कुलासो गोव्याकडून पुरेशी संधी न मिळाल्याने जानेवारी २०२० मध्ये हैदराबादला गेला. पुढच्याच वर्षी मोहन बागानने सुमारे एक कोटी रुपये मोजून त्याला नेल्याची वृत्ते आली. तोही डाव्या बाजूला खेळतो. आपल्या महाराष्ट्रातील अनिकेत जाधवचे पाहा. पेठापेठांच्या ईर्षेने फुटबॉल जगणाऱ्या कोल्हापुरात जन्मलेला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा मुलगा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता. व्यावसायिक संघांत गेल्यावर त्याच्याही वाट्याला बहुधा बाजूचीच जागा आली.

याचे कारण गूढ नाही. सामना जिंकून देणारी जागा म्हणजे मधल्या आघाडीवीराची. तेथे प्रत्येक प्रशिक्षक तयार, अनुभवी परदेशी खेळाडू उभा करतो. कारण तीन सामने हरले की प्रशिक्षकाचीच गच्छंती होते. सुरुवातीला एका वेळी सहा परदेशी मैदानात असत, २०१७ पासून पाच आणि २०२१ पासून चार. संख्या घटली, तरी त्या चारांतला एक आघाडीला असणार हे ठरलेलेच. गोव्यात फुटबॉल रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते आयरिश धर्मगुरू फादर विल्यम लायन्स १८८३ मध्ये शिवोलीला आले. तेव्हापासून गावोगावच्या मैदानांवर पोरे सर्वांत आधी भांडतात ती पुढे कोण खेळणार यावरून. मोठेपणी मात्र नेमकी तीच जागा त्यांना नाकारली जाते.

परिणाम राष्ट्रीय संघात दिसतो. सुनील छेत्री ६ जून २०२४ रोजी ९४ गोलांवर निवृत्त झाला. नऊ महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, चाळिशीतल्या त्या गृहस्थाला परत बोलवावे लागले आणि परतताच मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा गोल केला. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्याच्याखेरीज दुसरे नाव सुचू नये ही स्थिती कौतुकाची नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. भारताचा एकमेव गोल मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगटेने केला. तोही बाजूनेच खेळणारा. मैदान होते फातोर्ड्याचे, जेथे कोरोच्या ४८ गोलांपैकी कित्येक गोल गोवेकरांनी डोळे भरून पाहिले होते.