शहरयारची कीव करा, पण आधी त्याची तलवार खाली ठेवायला लावा

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'अलिफ लैला' ही मालिका सुरू झाली. मी तेव्हा फार लहान होतो, त्यामुळे मला आठवतात ते तिचे नंतरचे भाग. वाशिम जिल्हाच तेव्हा झालेला नव्हता. तो १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. आमचं कारंजा तोवर अकोला जिल्ह्यातच मोडायचं. मोहल्ल्यात टीव्ही मोजकेच. ज्यांच्याकडे असायचा त्यांच्या ओसरीत आम्ही पोरं दाटीवाटीने बसायचो आणि लाईट जाऊ नये म्हणून दुआ मागायचो.

जिन्न, उडते गालिचे, जादूगार हे सगळ्यांनाच आवडायचं. मला मात्र बादशहा शहरयार आवडायचा. त्याच्या बेगमने त्याला फसवलं होतं. एवढी मोठी सल्तनत असूनही माणूस एकटा होता. मला त्याचं वाईट वाटायचं. एकदा मी तसं घरी बोलून दाखवलं, तेव्हा धाकट्या बहिणीने विचारलं, "और जो लड़कियाँ मर गयीं, उनके नाम क्या थे?"

मला सांगता आलं नाही. आज पस्तिशी ओलांडली तरी सांगता येणार नाही, कारण ती नावं गोष्टीतच नाहीत.

मोठेपणी ही गोष्ट नीट वाचली. मराठीला ती नवी नाही. १९ व्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचं भाषांतर सुरू केलं आणि 'सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने ती मराठी घरांत पोहोचली. पुढे गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीवरून तब्बल १६ खंडांचं भाषांतर केलं. म्हणजे या बादशहाला मराठी वाचक दीडशे वर्षांहून जास्त काळ ओळखतो. पण ओळखतो म्हणजे काय, हा प्रश्न आहे.

कथा थोडक्यात अशी. शहरयारचा भाऊ शाहजमान समरकंदचा राजा. दोघांच्याही बायका त्यांना फसवतात. दोघे राज्य सोडून भटकायला निघतात. वाटेत एक जिन्न भेटतो. त्याने एका मुलीला तिच्या लग्नाच्या रात्री पळवून पेटीत कुलूपबंद करून ठेवलेलं असतं. जिन्न झोपला की ती भेटेल त्या पुरुषाशी संबंध ठेवते आणि त्याची अंगठी मागून घेते. तिच्याकडच्या अंगठ्यांची माळ पाहून दोघे भाऊ निष्कर्ष काढतात की बाईजातच बेईमान. अपहरण झालेली, पेटीत कोंडलेली मुलगी समोर उभी आहे आणि यांना दिसते फक्त तिची बेईमानी. त्यांना कोंडणारा जिन्न दिसत नाही. उलट त्याचीच दया येते, कारण तोही आपल्यासारखाच फसवला गेलेला!

परतल्यावर शहरयार रोज रात्री एका मुलीशी निकाह करतो आणि सकाळी तिला मारतो. बर्टनच्या आवृत्तीत हे तीन वर्षं चालतं. मी इंजिनिअर असल्यामुळे हिशेब करून पाहिला. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. तीन वर्षांचे झाले १०६२. शहरजादने सांगितलेल्या रात्री १००१. म्हणजे जितक्या रात्री आपण मजेत गोष्टी ऐकतो, जवळजवळ तितक्याच मुली गोष्टी सुरू होण्याआधी मेलेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीचंही नाव नाही. बादशहाच्या दुःखाची मात्र पानंच्या पानं आहेत.

मग शहरयारबद्दल वाईट वाटणं चूक आहे का? माझ्या मते नाही. त्याची जखम खोटी नाही. ज्या लेखकाला खलनायकाचं दुःख दिसत नाही तो कच्चा लेखक, आणि ज्या वाचकाला ते जाणवत नाही तो कच्चा वाचक. गडबड त्यापुढे होते. 'त्याने असं का केलं ते मला समजतं' या वाक्यावरून आपण न कळत 'म्हणजे त्याचं फारसं चुकलं नाही' या वाक्यावर घसरतो. मधली पायरी कधी गेली तेही कळत नाही.

मी स्वतः तसा घसरलो आहे. चार वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका गावात माझ्या मामेबहिणीच्या संसाराबद्दल बैठक बसली. नवरा हात उचलायचा म्हणून ती माहेरी आली होती. आम्ही आठ-नऊ पुरुष बाहेरच्या खोलीत, ती आणि मामी आत. बैठक दोन तास चालली. त्या दोन तासांत त्याची नोकरी कशी गेली, त्याच्या अब्बांनी त्याला लहानपणी कसं मारलं, शहरात आडनाव ऐकून त्याला खोली कशी नाकारली, हे सगळं निघालं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. खोलीचा मुद्दा तर मीच काढला. पुण्यात मलाही तो अनुभव आला होता, त्यामुळे मी तावातावाने बोललो. शेवटी आतल्या दाराकडे तोंड करून कुणीतरी म्हणालं, "बेटी, वो परेशान है, तू समझ ले." ती परत गेली. पाच महिन्यांनी हाताला प्लास्टर घालून आली.

त्या दोन तासांत आम्ही तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

शहरयारच्या गोष्टीत आमच्यासारखा माणूस आहे. तो म्हणजे वजीर. तो क्रूर नाही, मुलींवर जीव टाकणारा बाप आहे. पण रोज नवी मुलगी शोधून आणायची आणि सकाळी हुकूम बजावायचा हे काम त्याचंच. शहरजाद स्वतःहून बादशहाकडे जायला निघते तेव्हा तो तिला अडवतो. अडवण्यासाठी एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत हट्ट करणाऱ्या बायकोला नवरा काठीने झोडपून गप्प करतो, आणि तुलाही तसंच करीन, असं हा बाप लेकीला बजावतो. बादशहाला अडवायचं मात्र त्याच्या डोक्यातही येत नाही. बैठकीतले आम्ही सगळे वजीर होतो.

आता शहरजाद काय करते ते पाहा. तिने सुरुवातीला सांगितलेली गोष्ट व्यापारी आणि जिन्नाची आहे. व्यापाऱ्याने फेकलेली खजुराची बी लागून जिन्नाचा मुलगा मरतो. जिन्नाचं दुःख खरंच आहे, पण तो नकळत घडलेल्या गोष्टीसाठी जीव घ्यायला निघतो. तीन म्हातारे आपापल्या गोष्टी सांगून व्यापाऱ्याचा जीव सोडवून घेतात. त्यानंतरची गोष्ट कोळ्याची. हजरत सुलेमानने बाटलीत कोंडलेला जिन्न आधी ठरवतो की मला सोडवेल त्याला मालामाल करीन. शतकामागून शतकं जातात, कुणी येत नाही. मग तो चिडून ठरवतो की जो सोडवेल त्यालाच मारीन. अन्याय सोसलेला माणूस अन्याय करणारा कसा होतो, याची इतकी नेमकी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. कोळी त्याची कहाणी पूर्ण ऐकून घेतो, आणि युक्ती करून त्याला परत बाटलीत घालतो. त्रास देणार नाही अशी शपथ घेतल्यावरच बाहेर काढतो.

शहरजाद हे सगळं बादशहालाच ऐकवते आहे. तुझं दुःख खोटं आहे असं ती एकदाही म्हणत नाही. पण ज्याचा गुन्हा नाही त्याच्याकडून तू त्याची वसुली करतो आहेस, हे मात्र रात्रीमागून रात्र सांगत राहते.

बुखारी शरीफमधली एक हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आपल्या भावाला मदत करा, तो जालिम असो की मजलूम, असं पैगंबर साहेबांनी सांगितलं. मजलूमला मदत करणं समजलं, जालिमला कशी करायची, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की त्याला जुल्म करण्यापासून रोखा, हीच त्याची मदत. आमच्या बैठकीत जालिमला मदत भरपूर झाली. रोखायचं राहून गेलं.

आमच्या कामात सर्व्हर पडला की आधी सेवा सुरू करायची असते. कारण शोधण्याची बैठक त्यानंतर. लोकांचं काम अडलेलं असताना तासभर कारणांची चर्चा करणाऱ्याला कुणी हुशार म्हणत नाही. आणि कारण सापडलं म्हणजे काम संपलं असंही नसतं, दुरुस्ती बाकी असते. संसाराच्या बैठकीत हा साधा क्रम आपण उलटा करतो.

इथे दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत.

पहिला असा की, शहरयार शेवटी सुधारतोच ना? छापील आवृत्त्यांत सुधारतो. मुलं होतात, माफी होते, सगळं गोड होतं. आंत्वान गालाँने ज्या जुन्या अरबी हस्तलिखितावरून १७०४ पासून फ्रेंच भाषांतर छापायला सुरुवात केली, त्यात मात्र हा शेवट नाही, ते मध्येच थांबतं. शेवट खरा धरला तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. तो सुधारला कारण रोज सकाळी तलवार थांबत होती. आधी तलवार थांबली, मग मन बदललं. आणि यातून 'प्रत्येक मुलीने शहरजाद व्हावं, गोडीने नवऱ्याला सुधारावं' असा धडा तर मुळीच काढू नका. आधीच्या हजार मुली काही मूर्ख नव्हत्या. गोष्ट सांगता आली नाही म्हणून कुणी मरणाच्या लायकीची ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. युरोपने शहरयारकडे पाहून सगळा पूर्वेकडचा पुरुष असाच असतो असं चित्र रंगवलं. आजही सिनेमात, टीव्हीवर मुसलमान बादशहा आला की डोळ्यांत काजळ आणि हातात कच्चं मांस ठरलेलं. मग आपणच घरातलं उघडं केलं तर त्यांच्या हाती कोलीत देणार नाही का? या भीतीची मला जाणीव आहे, कारण तीच त्या दिवशी मला गप्प ठेवत होती. पण हिशेब करा. त्या चित्राची किंमत कोण मोजतं? बदनामीचा त्रास आपल्या सगळ्यांना होतो, पण ती टाळण्यासाठी हात फक्त तिचा मोडतो. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम महिला तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत विधानभवनावर गेल्या, तेव्हाही समाजाची बदनामी होते असं बोललं गेलंच असेल. त्यांनी आपली गोष्ट स्वतः सांगितली. त्यामुळे समाज बुडाला नाही.

म्हणून तरुण वाचकांना, विशेषतः पोरांना, माझं सांगणं आहे. अशी बैठक तुमच्या घरात आज ना उद्या बसेल. तुम्ही शिकलेले, शहरात कमावणारे, म्हणून तुम्हाला बोलावलं जाईल. तिथे आधी तिला विचारा, आणि तिच्या मर्जीच्या माणसासमोर, वेगळं बसून विचारा. ती परत जायला तयार नसेल तर विषय तिथे थांबवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतो आणि १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, हे तिला माहीत नसेल तर सांगा. हे झाल्यावर नवऱ्याशी जरूर बोला. त्याची नोकरी, त्याचं बालपण, त्याला नाकारलेली खोली, सगळं ऐका. त्याला डॉक्टरची गरज असेल तर घेऊन जा. त्यालाही कुणीतरी हवंच आहे.

माझी मामेबहीण आता माहेरीच असते, शिवणकाम करते. मागच्या ईदला मी तिला म्हणालो, त्या दिवशी मी चुकलो. ती हसली आणि म्हणाली, "भाई, तुम लोग बाहर दो घंटे बैठे थे. मैं अंदर सोच रही थी, कोई तो आके पूछेगा."