क्रीमच्या डबीतील सोयाबीन

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा होतो तो ओलावा, काडीकचरा आणि दाण्याची प्रत पाहून. एका क्विंटलमागे सुमारे १८ किलो तेल निघते. उरलेल्या पेंडीचा हिशेब निराळा. हाच दाणा त्वचेच्या प्रसाधनांतही शिरला आहे. परंतु डबीवरील 'सोयायुक्त' या शब्दावरून दाण्याचा कोणता अंश आत आहे, याचा मुळीच बोध होत नाही. आणि गुण तर अंशागणिक बदलतो.

तेलाचे कार्य साधे आहे. त्यातील सुमारे निम्मा भाग लिनोलेइक आम्लाचा असतो व ते त्वचेतील ओल टिकवण्यास साहाय्य करते. कच्च्या तेलात पाणी मिसळून जो चिकट गाळ वेगळा काढतात, तो वाळवला की लेसिथिन मिळते. क्रीममधील तेल आणि पाणी एकजीव राहतात ते अशाच द्रव्यांमुळे. लेसिथिन हे नाव मात्र अंड्यातील बलकाच्या ग्रीक नावावरून पडले आहे, कारण एकोणिसाव्या शतकात ते प्रथम त्यातूनच वेगळे केले गेले. आज ते बहुतांशी सोयाबीनपासून बनते, तरी अंड्यापासून बनवणे थांबलेले नाही. म्हणून वेष्टनावर नुसते 'लेसिथिन' लिहिलेले असल्यास त्याचा उगम विचारून घेणे शाकाहारी कुटुंबांना आवश्यक ठरते.

वांग आणि काळे डाग यांसाठी ज्या सोयाबीनची ख्याती आहे, ते या दोहोंहून वेगळे. कच्च्या दाण्यातील काही प्रथिने ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अटकाव करतात. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींकडून ते शेजारच्या पेशींकडे जाते. ही प्रथिने त्या देवघेवीत खंड पाडतात, असे २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पण उष्णता लागताच त्यांची ही शक्ती नष्ट होते. त्यामुळे उकळलेले सोयादूध किंवा भाजलेल्या सोयाबीनचे पीठ चेहऱ्याला लावून वांग जाण्याची आशा धरणे व्यर्थ होय. कच्चे दूध घरी काढले तरी ते लवकर नासते. तयार क्रीमचा परिणामही सौम्य व संथ असतो, आणि उन्हापासून जपले नाही तर तेवढाही दिसत नाही.

ओलावा तपासल्यावाचून भाव न बोलणारा व्यापारी डबीची मागची बाजू न वाचताच पैसे मोजतो, हे नवल आहे. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालील घटकांना क्रमाचे बंधन नाही. 'ग्लायसिन सोजा' किंवा 'ग्लायसिन मॅक्स' हे सोयाबीनचे शास्त्रीय नाव. त्यापुढे 'ऑइल' असेल तर ते केवळ तेल. हे नाव सुगंधी द्रव्याच्याही मागे आढळले, तर प्रमाण बहुधा नाममात्रच समजावे.

सोयाबीन खाल्ल्याने ज्यांना पित्त उठते, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून असे क्रीम लावू नये.