मैदान कुणाच्या बापाचं?

पाथर्डीच्या पोरांना म्हणे खेळाची आवड नाही. फुटबॉल असो, कबड्डी असो, व्हॉलीबॉल असो, कॉलेजचा सामना लागला की मैदानावर खेळणारी पोरं, दोन पंच, पी.टी.चे सर आणि फक्की मारणारा शिपाई. बघायला काळं कुत्रं नाही. मग जिमखाना दिनाला पाहुणा येतो, हार घालून घेतो आणि माईकवर बोंबलतो : आजच्या पिढीला कॉलेजचा अभिमान राहिला नाही, पोरं मोबाईलात मेली. खालचे प्राध्यापक माना डोलावतात. ज्यांच्याबद्दल हे चाललंय ती पोरं तिथं नसतातच. त्यामुळे भाषण पाडायला कुणी नसतं.

त्या पोरांच्या वतीनं बोलायचंय. गोड बोलणार नाही.

आधी हे आवडीचं खोटं मोडून काढू. पहाटे पाचला नगर रोडला जाऊन उभे राहा. अंधारात पोरं पळताना दिसतील. पायात झिजलेले बूट, कुणाच्या पायात तेही नाहीत. पोलीस भरतीची मैदानी पन्नास मार्कांची. १६०० मीटरला वीस, १०० मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. या पोरांच्या भाषेत ‘ग्राउंड’ या शब्दाचा अर्थच वेगळा झालाय. ‘ग्राउंड निघालं का?’ म्हणजे भरतीत टिकलास का. ज्याच्या घरात ग्राउंड म्हणजे उद्याची भाकरी, त्यानं कॉलेजच्या ग्राउंडावर उभं राहून टाळ्या कशासाठी पिटायच्या? पळण्याची हौस नाही त्याला? सूर्य उगवायच्या आत तो जेवढा पळतो तेवढा पाहुणा जन्मात पळला नसेल.

आता ही पोरं नेमकी कुठं असतात ते सांगतो. विभागाचे सामने पावसाळा सरता सरता सुरू होतात आणि थंडीत रंगात येतात. त्याच दिवसांत आमचा तालुका रिकामा होतो. दसरा झाला की मुकादम दारात. उचल आधीच घेतलेली, ती बापानं बहिणीच्या लग्नाला नाहीतर आईच्या दवाखान्याला घातलेली. नवराबायको मिळून एक कोयता. आई आजारी पडली तर कोयता अर्धा होतो, म्हणून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं पोरगं आईच्या जागी फडात उभं राहतं. तोडायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. मार्च-एप्रिलपर्यंत हा त्याचा सीझन. खेळाडूलाही सीझन असतो, यालाही आहे. दोन्ही एकाच वेळी येतात, एवढीच त्याची चूक. परीक्षेपुरता तो कोपीतून उठून येतो, पेपर टाकतो, परत जातो. त्याच्या हातावरचे घट्टे बघून कुणी त्याला गोलकीपर करा म्हटलं असतं तर मानलं असतं. हजेरीपटावर मात्र त्याच्या नावापुढं फुल्या, आणि भाषणात तो ‘उदासीन युवक’.

यात वंजाऱ्याचं पोरगं आहे, मांगाचं आहे, महाराचं आहे, चांभाराचं, पारध्याचं आहे. फडात ऊस जात विचारत नाही. पाणी भरताना आणि कोपी टाकताना मात्र माणसं विचारतात, हेही इथंच लिहून ठेवतो. सरकारनं २०२१ मध्ये ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना काढली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं. चांगली गोष्ट. पण वसतिगृहात राहणाऱ्या पोराच्या मागं बापाचा अर्धा कोयता राहतोच, आणि त्या अर्ध्या कोयत्याची भरपाई कुठल्या योजनेत आहे ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

पैशाचं बोलू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून गावात आमच्याकडं असूयेनं बघतात. जावई आहेत म्हणे सरकारचे. तर ऐका जावयाचा आहेर. घरून येऊन-जाऊन बी.ए. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला २०२०-२१ पासूनच्या केंद्राच्या दरानं वर्षाला ३००० रुपये निर्वाह भत्ता. महिन्याला अडीचशे. दिवसाला आठ रुपये आणि वर काही पैसे. तोही वेळेवर आला तर. या आठ रुपयांत चहा पिऊन दाखवा, वडापाव खाऊन दाखवा, नंतर फुटबॉलचे बूट विकत घ्यायचं बोला. सकाळी सातला भाकरी खाऊन निघालेलं पोरगं दुपारी तीनच्या सामन्याला उपाशी उभं राहील आणि ‘कम ऑन कम ऑन’ ओरडेल अशी तुमची अपेक्षा. उपाशी माणसाला ओरडता येतं. पण तो ओरडायला लागला तर फुटबॉलसाठी ओरडणार नाही.

आणि एसटी. दूरच्या वाडीची गाडी दिवसातून एक-दोन. चारची चुकली की मुक्कामी गाडीची वाट बघायची. सामना पाचला संपतो. पोरींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट पास, बी.ए.ला गेली की पैसे मोजा. जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्याबाईंचं नाव दिलं, तेव्हा हा पास दोन वर्षं पुढं ओढावा असं कुणाला सुचलं नाही. खेळणाऱ्या पोरीला कपडे बदलायला खोली नाही आणि जायला धड संडास नाही, तिथं बघणाऱ्या पोरीचा विचार कोण करतो?

पण भूक आणि एसटी सोडवली तरी आमचं पोरगं मैदानावर रेंगाळणार नाही. त्याची आई त्याला रोज सांगते, ‘कालिज सुटलं की सरळ घरी ये. कुठं थांबू नको. कुणाच्या पोरीशी बोलू नको.’ ही आई अडाणी नाही. तिला खर्डा माहीत आहे. २८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातलं खर्डा, आमच्याच जिल्ह्यातलं. नितीन आगे, वय १७, शिकणारा पोरगा. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारून टाकलं. शाळेच्या आवारातून त्याला मारत नेलं, असं तेव्हा पेपरांनी छापलं. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे नितीनला कुणीच मारलं नाही. आता सांगा, मैदानाच्या कडेला पोरंपोरी घोळक्यानं उभी राहून हसत-खिदळत सामना बघतायत, हे चित्र तुमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तकात छान दिसतं. आमच्या आईला त्यात दुसरंच काही दिसतं. तिला जाऊन ‘खिलाडू वृत्ती’ शिकवा.

बरं, भीती सोडून आम्ही उतरलोच मैदानात. मग काय होतं? हा प्रयोग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात होऊन गेला. पळवणकर बाळू, जातीनं चांभार. गोऱ्यांच्या जिमखान्यात महिन्याला चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा. साहेबाला सरावासाठी तासन् तास बॉल टाकायचा. बॅट त्याच्या हातात कुणी देत नसे. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा त्यांना बाळू आठवला. मैदानात त्यानं टाकलेला बॉल सगळे झेलत होते. बॉलला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की टीम आत पॅव्हेलियनमध्ये, बाळू बाहेर, त्याचा चहा मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात याच माणसानं ११४ विकेटी काढल्या. कॅप्टन मात्र कधी केला नाही. विकेटी काढायला चांभार चालतो, टॉस करायला चालत नाही!

बाळूला तीन धाकटे भाऊ होते. शिवराम, विठ्ठल, गणपत. चौघंही क्रिकेटवाले. १९२० ला मुंबईच्या चौरंगी सामन्यात विठ्ठलचा हक्क डावलून कप्तानपद उच्चवर्णीयाला दिलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी सांगितलं, आम्ही खेळत नाही. तोंडानं पुटपुटले नाहीत, घरी झोपून राहिले नाहीत. कारण लिहून, लोकांसमोर मांडून बाहेर पडले. तीन वर्षांनी, १९२३ ला, हिंदूंच्या टीमचा कप्तान पळवणकर विठ्ठल होता. (पुढं बाळूनं १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभं राहून हार खाल्ली. आमच्या माणसाचा दुसऱ्यांनी कसा बॉल केला त्याचा हा आणखी एक नमुना. तो हिशेब वेगळा, पण लपवायचं कारण नाही.)

आज पाथर्डीत मातीचं भांडं कुणी हातात देत नाही. प्लॅस्टिकचा कप सगळ्यांनाच. पण टीम निवडताना, कप्तान ठरवताना, जिंकल्यावर कुणाच्या नावानं घोषणा द्यायच्या आणि फटाके कुणाच्या गल्लीत वाजवायचे हे ठरवताना जुनी वहीच उघडली जाते. चढाई करून सहा गडी मारणारं पोरगं तेवढ्यापुरतं खांद्यावर. संध्याकाळी गावच्या पारावर त्यानं पाय ठेवला की खांदा झटकला जातो. कबड्डीत शिवलं की माणूस बाद. हा नियम आम्हाला कॉलेजात शिकवायची गरज नव्हती.

आता आमच्याच पोरांच्या कानाखाली काढतो. कॉलेजच्या सामन्याला न येणारे तुम्ही, साहेबांच्या वाढदिवसाच्या ‘चषका’ला मात्र झुंडीनं जाता. तिथं रोख बक्षीस, तिथं नाश्ता, तिथं डीजे, आणि फ्लेक्सवर साहेबाच्या कोपराखाली तुमचा टिकलीएवढा फोटो. दोन दिवस क्रिकेट खेळता आणि पाच वर्षं सतरंज्या उचलता. भूक आहे म्हणून जाता, हे कळतं. पण ज्या साहेबाचा कारखाना तुमच्या बापाला तोडीला बोलावतो, त्याच्या कपासाठी चिखलात लोळताना तुमच्या अंगाला काहीच कसं होत नाही?

मैदान आपलं झालं की काय होतं त्याचं उदाहरण नागपुरात आहे. २००१ मध्ये विजय बारसे या कॉलेजातल्या खेळाच्या मास्तरांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली. त्यांना बॉल दिला आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. नागराज मंजुळेंनी २०२२ मध्ये त्यावर ‘झुंड’ काढला तो तुम्ही मोबाईलवर पाहिलाच असेल. त्या पोरांना कुणी कॉलेजच्या अभिमानावर भाषण दिलं नव्हतं. पोरं आली कारण गेटावर कुणी अडवत नव्हतं.

तेव्हा न येणं ही गोष्ट वाईट नाही. मुक्यानं न येणं वाईट. ज्या काळ्या पँथरांचं नाव १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी उचललं, त्यांच्या देशात बघा. १९६७ साली सॅन होजेच्या कॉलेजात हॅरी एडवर्ड्स नावाच्या काळ्या मास्तरानं विद्यार्थी उभे केले. काळ्या पोरांना राहायला खोल्या देत नाहीत, तर हंगामातला पहिला फुटबॉलचा सामना होऊ देणार नाही. सामना रद्द करावा लागला. त्याच कॉलेजातल्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मुठी उगारल्या. आणि २०१५ च्या नोव्हेंबरात मिसुरी विद्यापीठात फुटबॉल टीममधल्या तीसेक काळ्या खेळाडूंनी जाहीर केलं, वर्णद्वेषाकडं काणाडोळा करणारा अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही बॉलला पाय लावणार नाही. एक विद्यार्थी आधीपासून उपोषणाला बसलेला होताच. कुणी विचारत नव्हतं. पण सामना रद्द झाला तर विद्यापीठाला दहा लाख डॉलरचा भुर्दंड होता. दोन दिवसांत अध्यक्षाचा राजीनामा.

आमच्या मैदानावर दहा लाख डॉलर नाहीत हे मला कळतं. पण जिमखाना फी आहे. ती पावतीवर प्रत्येकाच्या नावापुढं छापलेली असते. फडात गेलेल्याच्या नावापुढंही. आमची फी सरकार भरतं म्हणून हिशेब मागायचा हक्क आमचा नाही, असं कुणी समजत असेल तर त्यानं पावतीवर नाव कुणाचं आहे ते वाचावं.

तर या महिन्यात हे करा. अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकार लागू आहे. जोडपत्र ‘अ’ भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही, कार्डाची नक्कल जोडा. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणावरून परत पाठवतील. पहिला अर्ज : गेल्या पाच वर्षांत जिमखाना फी किती जमली आणि कशावर खर्ची पडली, वर्षवार. दुसरा : खेळाडूंच्या नाश्त्यावर आणि प्रवासावर किती. तिसरा : मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीवर किती. चौथा : सामन्यांच्या तारखा कोण ठरवतं, आणि तोडीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या कधी बदलल्या का. चार पोरांनी चार अर्ज टाका, एकट्यानं टाकू नका. फडात असाल तर तिथून पोस्टानं पाठवा, पोहोच जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. त्याचा नमुना लागला तर आमच्याकडं आहे.