मोठा कार्ब कुणासाठी?

एफसी-१५० किंवा जुनी पेट्रोल जीप पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की गिऱ्हाइकाचा हट्ट ठरलेला: "मोठा कार्ब बसवा, पिकअप वाढेल." आपल्यातले बरेच जण मान डोलावतात. दोन बॅरलचा कार्ब मिळतो, अडॅप्टर प्लेट लेथवर करून घेता येते, बिलही बरं होतं. गाडी मात्र घाटात मान टाकते.

या गाड्यांतलं हरिकेन इंजिन २.२ लिटरचं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण हवा ओढतं, म्हणून ४००० आरपीएमला मिनिटाला फार तर ४४०० लिटर. जुनं इंजिन त्याच्या ८० टक्केच भरतं असं धरा: ३५०० लिटर, कॅटलॉगच्या भाषेत साधारण १२५ सीएफएम. अमेरिकेत शेव्हर्लेच्या जुन्या पिकअपमधल्या ५.७ लिटर व्ही-८चा हिशेब याच रीतीने ५००० आरपीएमला ४००च्या आसपास येतो. तरी ६०० सीएफएमचा समोर असताना ७५०चा उचलणारे तिथेही आहेतच.

हरिकेनचा इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो आणि कार्ब थेट हेडवर बसतो. वर दोन बॅरल लावले तरी खाली भोक एकच. त्यात या इंजिनाचा टॉर्क २००० आरपीएमच्या आसपास सर्वांत जास्त. माल भरलेली गाडी तिथेच चालते आणि तेव्हा हवा लागते जेमतेम निम्मी. मोठ्या व्हेंचुरीतून एवढीशी हवा संथ जाते, जेटमधून पेट्रोल ओढायला जोर उरत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी गप्प, मग झटका. विलीजने या इंजिनावर कार्टरचा एका बॅरलचा वायएफ दिला, तो काटकसर म्हणून नव्हे.

मग पिकअप जातो कुठे? बहुतेक वेळा थ्रॉटल शाफ्टच्या घासलेल्या भोकातून. इंजिन आयडलिंगला ठेवून शाफ्टच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, तर तिथून हवा चोरली जाते आहे. भोक रीम करून पितळी बुश बसवणं हे तासाभराचं काम, पण त्यानंतरच मिक्श्चर स्क्रूला अर्थ येतो. (स्क्रू पिळून गळती बुजवण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे.) मग व्हॅक्यूम गेज लावा. ठणठणीत इंजिन समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांना इंचभर कमी धरा. पुण्यात १६ आले म्हणून घाबरू नका. काटा थरथरत असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि टायमिंग बघा, कार्बला हात लावू नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यावर जुन्या जेटिंगचं मिश्रण लीन होतं, म्हणून प्लग पांढरे दिसले तर मेन जेट एक नंबर वाढवून पाहा. पंपाचं डायफ्राम आणि रबरी नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. जुन्या स्टॉकमधलं स्वस्त किट फुगतं आणि गाडी परत तुमच्याच दारात येते.

गिऱ्हाईक मोठा कार्ब मागेल तेव्हा त्याला गेजचा काटा दाखवा आणि मूळ मापाचा कार्ब नीट करून द्या. तरीही त्याला मोठाच हवा असेल, तर घाटातल्या तक्रारीची जबाबदारी कुणाची हे जॉबकार्डवर लिहून घ्या.