टायर रिटायर, पुढे काय?

गाडीला नवे टायर बसवले की आपण खूश. जुने कुठे गेले, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. प्लास्टिकची बाटली वितळवून दुसरं काहीतरी करता येतं, पण टायरचं तसं नाही. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून, तापवून रबर पक्कं केलं. एवढं पक्कं, की ते पुन्हा वितळायचं नाव घेत नाही! ढीग करून ठेवले, तर पावसाचं पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय. आणि पेटले तर विचारूच नका. कॅनडातल्या हॅगर्सव्हिलला 1990 मध्ये टायरच्या ढिगाला लागलेली आग 17 दिवस धुमसत होती.

त्यावर एक भन्नाट आयडिया निघाली : टायर दळा आणि वाळूऐवजी काँक्रीटमध्ये घाला. कचराही संपला, नदीतली वाळूही वाचली. ब्रोशरवर 'ग्रीन' छापायला मोकळे! पण मंडळी, जरा थांबा. वीस वर्षांच्या ईएमआयचा मामला आहे.

काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू कडक असते आणि सिमेंट त्यांना घट्ट धरून ठेवतं. रबर मुळात मऊ. त्यात त्याचं पाण्याशी जमत नाही, म्हणून त्याच्याभोवती हवा अडकते आणि सिमेंट नीट चिकटत नाही. वजन आलं की रबराचा कण जवळजवळ पोकळीसारखाच वागतो. एल्डिन आणि सेनूसी या संशोधकांनी 1993 मध्येच याचे आकडे मांडले. सगळी खडी काढून टायरचे तुकडे घातले, तर दाब सोसायची ताकद 85 टक्क्यांपर्यंत घटली. सगळ्या वाळूऐवजी बारीक चुरा घातला, तर 65 टक्क्यांपर्यंत.

आता साधा हिशोब करा. एम 25 काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन दाब सोसणारं. त्यातले 65 टक्के गेले, तर उरले जेमतेम 9. आपल्या आयएस 456 नुसार आरसीसीला किमान एम 20 लागतं! अर्थात, एवढं रबर कुणी घालत नाही. चुरा थोडाच वापरला, आधी कॉस्टिक सोड्यानं धुतला, तर घट कमी होते. पण होते.

मग आयडिया फ्लॉप? मुळीच नाही. साधं काँक्रीट ठिसूळ असतं, फुटलं की फुटलं. रबर घातलेलं काँक्रीट तडा गेल्यावरही धरून राहतं, धक्के आणि कंप पचवतं. म्हणून फुटपाथ, पेव्हर ब्लॉक, रस्त्याकडेचे बॅरिअर ही त्याची खरी जागा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये 1999 पासून फुटपाथसारख्या ठिकाणी ते प्रत्यक्ष टाकून पाहिलं गेलं. इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाच्या पुढाकारानं युरोपात 2014 ते 2017 या काळात झालेल्या प्रकल्पानं तर टायरचा एकही भाग सोडला नाही. टायरमधल्या पोलादी तारा काँक्रीट सांधून धरायला वापरल्या आणि रबरी काँक्रीटच्या खांबाला बाहेरून फायबरचं घट्ट वेष्टन घालून गेलेली ताकद परत मिळवता येते का, तेही तपासलं. म्हणजे पिलरचं दार बंद नाही, पण त्यासाठी वेगळं डिझाइन हवं. वाळूऐवजी चुरा ओतला आणि झालं, असं होत नाही.

आपल्याकडे डांबरी रस्त्यांत टायरचा चुरा वापरला जातोच. इमारतीची गोष्ट निराळी. काँक्रीटच्या खडी-वाळूचं मानक म्हणजे आयएस 383. 2016 च्या सुधारणेत त्यात पाडलेल्या काँक्रीटची खडी, पोलाद कारखान्यातला स्लॅग यांना मर्यादेत परवानगी मिळाली. त्या यादीत टायर नाही.

तेव्हा साइटवर 'आमचं काँक्रीट रिसायकल्ड आहे' असं ऐकलंत, तर तीन गोष्टी विचारा. काय घातलंय? कुठे घातलंय, पेव्हरमध्ये की पिलरमध्ये? आणि 28 दिवसांच्या क्यूब टेस्टचा रिपोर्ट कुठाय? पेव्हरमध्ये असेल तर बिनधास्त कौतुक करा. पिलरमध्ये असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही बघितल्याशिवाय चेक फाडू नका!